बेबीताईंचे पावसाळी टायर

रविवारची दुपार होती. आमरसाचं पातेलं टेबलावर आलेलं आणि तेवढ्यात इंटरकॉम वाजला. खालून वॉचमन विचारत होता, "साहेब, एक बाई आल्यात. तुमच्या सायकलीची चाकं काढतायत. काढू देऊ?"

मी तसाच खाली धावलो. पार्किंगच्या खांबाला टेकवलेल्या माझ्या सायकलीचं पुढचं चाक निघालेलं होतं आणि बेबीताई मागचं काढत होत्या. अंगात पंजाबी ड्रेस, त्यावर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, केस बांधायला सायकलच्या ट्यूबचा कापलेला वेढा.

"ताई, मी पुढच्या रविवारी येणारच होतो."

"पुढचा रविवार कोनी बगितलाय? मे सरला."

"पण आभाळात एक ढग नाहीये."

"नाय ना? म्हनून तर आज आले." दोन्ही चाकं त्यांनी दोन खांद्यांत अडकवली. "सायकल राहू दे हितंच. संध्याकाली येऊन चाकं ने. आनि हात धू, आंबा लागलाय."

वर जेवायला चला म्हणायचंही मला सुचलं नाही. तोवर त्यांची स्कूटर गेटबाहेर पडली होती. माझ्या दोन चाकांसकट.

बाळकुमला नाक्यावरून आत वळलं की एका उंच इमारतीच्या तळाशी बेबीताईंचं दुकान होतं. एका बाजूला केकचं दुकान, दुसऱ्या बाजूला दातांचा दवाखाना, आणि मध्ये हे. इमारत उभी राहिली ती त्यांच्या सासऱ्यांच्या भातशेतीवर. बिल्डरकडून घरात फ्लॅट आले, गाळे आले. नवरा विष्णूशेठ वाळू-विटांच्या धंद्यात रमला. घरात कशाला काही कमी नव्हतं. विष्णूशेठ मला दरवेळी सांगायचे, "साहेब, तुमी तरी समजवा हिला. गाला मेडिकलवाल्याला भाड्यानं देऊ, ही घरात बसंल, नातवाला बगंल." बेबीताई तेवढ्यात आतून ओरडायच्या, "नातू शालेत जातो. मी काय त्याच्या दप्तराला बगू?"

सासऱ्यांचं मूळ दुकान भाड्याच्या सायकलींचं. कोलशेतच्या कोळीवाड्यातून लग्न होऊन आलेल्या बेबीताई दुसऱ्याच महिन्यात पंक्चर काढायला शिकल्या. कारण विचारलं तर म्हणायच्या, "बसून बसून पाय दुखायला लागलेले." पुढे भाड्याच्या सायकली गेल्या, शेतं गेली, टॉवर आले, आणि टॉवरांतून माझ्यासारखी माणसं महागड्या सायकली घेऊन खाली उतरली. आमच्या सायकलींना ट्यूब नसते. टायर थेट रिमला घट्ट बसतो आणि आत दुधासारखा पांढरा द्रव घालतात, सीलंट. काटा घुसला की तो द्रव भोकात धावतो आणि तिथेच गोठून भोक बुजवतो. उन्हाळ्यात मात्र तो आतल्या आत सुकत जातो. त्यामुळे दर मोसमाला टायर उतरवायचे, आतली साय खरवडायची, पावसाळ्यात खोल नक्षीचे रुंद टायर घालायचे, दिवाळीच्या सुमाराला पुन्हा गुळगुळीत, आणि दरवेळी द्रव ताजा. बेबीताई त्याला दूधच म्हणायच्या. "दूध कवा घातलेलं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. नमस्कार नंतर.

हे सगळं त्या फोनवरचे व्हिडिओ बघून शिकल्या होत्या. व्हिडिओ इंग्रजी, आणि ताईंचं शिक्षण सातवीपर्यंत. मी एकदा म्हटलं, मी अर्थ सांगतो. त्यांनी फोनचा आवाजच बंद केलेला होता. "अर्थ नको. बोलनारा उगाच बोलत रायतो. मी त्याचे हात बगते."

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी जरा शहाणपणा केला होता. चाक कानाशी धरून हलवलं आणि म्हणालो, "आत आहे अजून. खळखळतंय." त्यांनी चाक माझ्या हातातून अक्षरशः ओढून घेतलं.

"कानानं नाय बगायचं."

"अहो, पण आवाज—"

"कानानं नाय बगायचं म्हनते ना. उघडायचं. दरवेली उघडायचं."

आवाज एवढा चढला, की केकच्या दुकानातली मुलगी डोकावली. टायर उघडला तर आत द्रव होता, चांगला पातळ. त्यांनी तो बोटावर घेऊन चोळला, वास घेतला, अमोनियाच्या त्या झणक्याने माझे डोळे चुरचुरले, पण त्यांनी पापणीही हलवली नाही. "हाय," एवढंच म्हणाल्या आणि तरीही सगळा काढून नवा घातला. मग इन्सुलेशन टेपचा तुकडा फाडून त्यावर पेनने तारीख लिहिली आणि सीटखालच्या दांड्याला चिकटवली. त्यांच्या प्रत्येक गिऱ्हाईकाच्या सायकलीवर अशी टेप होती. नाक्यावर सिग्नलला शेजारी कोणी सायकलवाला उभा राहिला, की मी आधी दांडा बघायचो.

त्यांच्या दुकानात उभं राहणं सोपं नव्हतं. चहा मागवायच्या आणि कप हातात घेऊन तीन चाकं फिरवून यायच्या, कप कुठल्यातरी सायकलीच्या सीटवर गार होत राहायचा. बोलता बोलता हात टांगलेल्या चाकाकडे जायचा, स्पोक चिमटीत दाबून बघायचा, पुढच्या चाकाकडे सरकायचा. गिऱ्हाईक वाक्य पुरं करायच्या आत त्या उत्तर देऊन दुसऱ्या टोकाला पोचलेल्या असायच्या. भेटून घरी आलो की मलाच दमल्यासारखं व्हायचं.

एका गोष्टीत मात्र त्यांना घाई नव्हती. उरलेलं, खराब झालेलं दूध त्या रंगाच्या रिकाम्या डब्यात जमवायच्या आणि इमारतीच्या गच्चीवर उन्हात ठेवायच्या. आठवडाभराने ते रबरासारखं घट्ट झालं, की सोलून कचऱ्यात. एकदा कोलशेत रोडच्या कॉम्प्लेक्समधला एक तरुण इंजिनिअर दुकानाबाहेर स्वतःच टायर उघडून बसला आणि अर्धी बाटलीभर पांढरं पाणी त्याने गटारात ओतलं. बेबीताई आतून आल्या.

"काय केलंस रे?"

"आंटी, थोडंसंच होतं."

"हे गटार कुठं जातं म्हाइती हाय?"

त्याला माहीत नव्हतं.

"खाडीत जातं. माज्या बापानं त्या खाडीत चालीस वर्सं जालं टाकलंय. आता माजा भाऊ टाकतो. त्याच्या जाल्यात मावऱ्याच्या जागी तुजं रबर घावूदे काय?"

त्याला त्यांनी जुना डबा, प्लास्टिकचा मग आणि फडकं दिलं. तो पोरगा, हातात भारी घड्याळ, उकिडवा बसून गटारातून पांढरं पाणी डब्यात भरत होता आणि ताई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. सगळं काही निघालं नसणार, हे दोघांनाही दिसत होतं. तरी त्याने अर्धा तास भरलं. नंतर तो त्यांचा पक्का गिऱ्हाईक झाला. आणि त्याच्याही दांड्यावर टेप आली.

मे महिना आला, की बेबीताईंची तगमग सुरू व्हायची. कोण टायर बदलून गेलं, कोण राहिलं, सगळं तोंडपाठ. आधी फोन. फोनवर कोणी "बघतो" म्हणालं, की स्कूटर निघालीच. घोडबंदर रोड, कळवा, कल्याण, डोंबिवली. कल्याणला एका मुलाच्या हळदीच्या कार्यक्रमात त्या अशाच पोचल्या होत्या. त्या मुलाने मला स्वतः सांगितलं. अंगभर हळद, डीजेवर गाणी, आणि मांडवात ही बाई त्याच्या आईला विचारतेय, "सायकल कुठंय?" आईला वाटलं, वरातीत सायकलची काहीतरी गंमत असेल. तिने गॅलरी दाखवली. ताईंनी चाकं काढली, नवऱ्या मुलाच्या हातात पाकीट ठेवलं, जेवायला न थांबता गेल्या. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी चाकं घरपोच. तो म्हणाला, "मी महिनाभर सायकलला हात लावणार नव्हतो हो. हे त्यांना सांगायला पाहिजे होतं, पण कधी सांगणार?"

आम्ही हसायचो. म्हातारपणात लागलेलं वेड म्हणायचो. विष्णूशेठ म्हणायचे, "पैले अशी नव्हती. दोन पावसाले झाले, हे भूत लागलंय."

ते भूत मला दिसलं डोंबिवलीत. सप्टेंबरातला गुरुवार, मी बहिणीकडे चाललो होतो. तिच्या गल्लीच्या तोंडाशी एका जुन्या चार मजली इमारतीच्या गेटबाहेर बेबीताईंची स्कूटर दिसली. त्या शेजारी उभ्या होत्या, हातात पिशवी, मान वर. मीही वर बघितलं. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली सायकल टांगलेली होती.

"ताई, इकडे कुठे? इथलाही कोणी टायर बदलत नाहीये का?"

त्या हसल्या नाहीत. "थांब जरा," म्हणाल्या.

पाचेक मिनिटांनी गॅलरीत एक माणूस आला. चाळिशीतला, अंगाने कधीकाळी भक्कम असावा असा, एका हातात काठी. त्याने हात वर केला. ताईंनी हात वर केला. आतून बाईचा आवाज आला आणि तो आत गेला. बेबीताईंनी पिशवी वॉचमनच्या हातात दिली.

"चिकू हायेत. वर नेऊन दे."

"मागच्या वेळी परत पाठवलेले, मावशी."

"मंग तू खा."

तिथेच, स्कूटरच्या सीटवर बोटांनी टकटक करत, त्यांनी मला सांगितलं. त्या माणसाचं नाव लेले सर. डोंबिवलीतल्या एका शाळेत खेळाचे शिक्षक. सायकलवरून बाळकुमपर्यंत यायचे, खास यांच्याकडे. दोन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात ते पावसाळी टायर घालायला आले होते. दुकानात गर्दी होती.

"मी चाक कानाशी धरलं, हलवलं. आवाज आला. म्हटलं, सर, हाय अजून दूध, चालंल. पुढच्या रविवारी या, निवांत करते. सर बिचारे, बरं ताई म्हनाले आनि गेले." त्यांची बोटं थांबली आणि पुन्हा सुरू झाली. "शुक्रवारी पाऊस लागला. शिलफाट्याच्या उतारावर टायरात धारदार खडी घुसली. सगली हवा एकदम गेली, टायर रिमवरून सुटला. सर पडले ते दुभाजकावर. गुडघा, खुबा, सगला चुरा."

मी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणालो, "ताई, खडी काय, कोणालाही लागू शकते."

"चाक माज्याकडे आनलं नंतर. मी उघडलं. आत दूध नव्हतंच. सुकून गोला झालेला, लिंबाएवढा. तोच आत वाजत होता." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी गोल्याचा आवाज ऐकला आनि दूध म्हटलं."

सरांनी त्यांना कधी काही म्हटलं नाही. शाळेने मैदान काढून घेतलं आणि लायब्ररीत बसवलं, तरी नाही. सरांची बायको मीनल हिने मात्र पहिल्याच दिवशी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर सांगितलं होतं, आमच्या घराचा जिना चढू नका. ताई चढल्या नाहीत. दर दुसऱ्या गुरुवारी खाली येऊन उभ्या राहायच्या.

"कशाला येता मग?" मी विचारलं.

"बरोबर हाय तिचं," त्या भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत म्हणाल्या आणि स्कूटरला किक मारली.

त्यानंतर मी हसणं बंद केलं. पुढच्या मेमध्ये त्यांनी बोलवायच्या आधीच चाकं घेऊन दुकानात गेलो. सकाळचे अकरा वाजले असतील. माझी चाकं त्यांनी उघडून ठेवलेली, हात कोपरापर्यंत पांढरे, तेवढ्यात दारात एक छोटा टेम्पो थांबला. त्यातून आधी काठी उतरली, मग लेले सर, मग खांद्याला ऑफिसची पर्स लावलेली एक किरकोळ बाई. ड्रायव्हरने सायकल खाली घेतली. प्लास्टिकचा कागद अजून तिच्या हँडलला लटकत होता.

"ताई," सर म्हणाले, "पावसाळी टायर घाला. डॉक्टरांनी परवानगी दिलीय."

बेबीताई माझ्या चाकावरून मान न उचलता म्हणाल्या, "चरईत एक चांगलं दुकान हाय, सर. मी फोन करते त्याला. तो करून दील."

"मी तुमच्याकडे आलोय."

"मी नाय करनार."

"ताई—"

"नाय म्हटलं ना सर! दुसऱ्या कोनाकडेपन जावा!" त्या माझ्या रिमवरची साय खरवडत राहिल्या. तिथे आता साय उरलेली नव्हती.

मग त्या बाई पुढे आल्या. आवाज शांत होता, पण पर्सचा पट्टा त्यांनी मुठीत पिळून धरला होता.

"मी मीनल लेले. तुम्हाला जवळजवळ तीन वर्षं मी जिना चढू दिला नाही."

"बरोबर केलंत, वैनी."

"बरोबर की चूक, ते मला माहीत नाही. मला अजूनही तुमचा राग येतो. रोज सकाळी हे जिना उतरतात ना, तेव्हा येतो." हँडलला लटकणारा कागद त्यांनी ओढून काढला. "हे सायकल सोडणार नाहीत. मी भांडले, अबोला धरला, सायकल विकायला काढली. काही उपयोग नाही. मग म्हटलं, द्यायची कोणाकडे? ज्याला काहीच माहीत नाही त्याच्याकडे? तो चाक हलवून बघेल आणि ठीक आहे म्हणेल. तुम्ही म्हणणार नाही. म्हणून तुमच्याकडेच. दुसऱ्याच्या हातचं मला चालणार नाही."

बेबीताईंनी शर्टच्या टोकाला हात पुसले, पुन्हा पुसले. मग सायकल आत घेतली.

मी आजवर टायर बदलताना खूप वेळा बघितलंय, पण असं नाही. त्यांनी दोन्ही टायर उतरवले, आतलं सगळं सोलून काढलं, रिमच्या आतली, हवा अडवणारी टेपही काढून नवी लावली. मीनलवहिनी खांद्याशी उभ्या राहून प्रत्येक गोष्ट विचारत होत्या. हे काय? हे कशाला? किती दिवस टिकतं? आणि सदा अर्धं उत्तर देणाऱ्या ताई प्रत्येक उत्तर पुरं देत होत्या. दुधाची बाटली त्यांनी बराच वेळ हलवली, मग मोठ्या सिरिंजमध्ये द्रव ओढला आणि सिरिंज वहिनींपुढे धरली.

"तुमी घाला."

"मी? मला काय येतंय?"

"दाबायचं फक्त. आत गेलेलं तुमाला दिसूदे."

वहिनींनी दोन्ही हातांनी दट्ट्या दाबला. दूध आत गेलं. मग ताईंनी कॉम्प्रेसर लावला आणि टायर रिमच्या कडेवर बसला तसा बंदुकीसारखा आवाज झाला. वहिनी दचकल्या आणि जे जवळ होतं ते त्यांनी घट्ट धरलं. तो बेबीताईंचा दंड होता. स्टुलावर बसलेले सर हसायला लागले. बऱ्याच दिवसांनी हसणाऱ्या माणसासारखे, जरा जास्तच वेळ.

दांड्यावर नवी टेप लागली. सर उठले आणि म्हणाले, "मी चालवत जातो. कशेळीवरून, मग माणकोलीचा पूल, मोठागाव. फार नाही."

टेम्पो उभाच होता. वहिनींनी सरांकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. भर दुपारची ट्रकची रांग.

बेबीताईंनी शटर खाली ओढलं. आत पाच-सहा जणांची चाकं होती, माझीही.

"ताई, माझी चाकं?"

"उद्या," त्या म्हणाल्या आणि स्कूटर काढली. "वैनी, बसा मागं."

ते उद्या माझ्या वाट्याला आलं नाही. त्याच संध्याकाळी माझ्या बदलीची ऑर्डर आली, दोन दिवसांत रत्नागिरीला हजर व्हायचं होतं. चाकं मेहुण्याने आणून पोचवली, नीट बदललेली, तारीख लावलेली. म्हणून बेबीताई माझ्यासाठी अजून त्या नाक्यावरच आहेत.

त्या दुपारी दुकानाबाहेर उभं राहून मी शेवटचं बघितलं ते असं. पुढे लेले सर, एका बाजूला किंचित झुकून, सावकाश पायडल मारणारे. त्यांच्या मागे स्कूटर, त्यांच्याच वेगाने, डगमगत, कारण एवढ्या हळू स्कूटर तोल धरत नाही. बेबीताईंचे दोन्ही पाय खाली घासत होते आणि डोळे सरांच्या मागच्या चाकावर. त्यांच्यामागे एक बस हॉर्नवर हॉर्न मारत होती. सरांना नाक्यावरून उजवीकडे वळायचं होतं. तेव्हा मागे बसलेल्या मीनलवहिनींनी एक हात बेबीताईंच्या खांद्यावर घट्ट रोवला, दुसरा हात बसच्या तोंडासमोर सरळ आडवा धरला आणि ड्रायव्हरकडे वळून ओरडल्या, "थांबा! आमचा माणूस वळतोय!"

बस थांबली. सर वळले.